दशावताराचे शेकडो व्हिडिओ जमवलेत, आता आवाजावरून ते तपासायचे कसे: पायरीपायरीने

गेल्या दोन-तीन जत्रांच्या हंगामात एकाच प्रकारचा मेसेज मला कितीतरी जणांकडून आला. कुणी कुडाळचा एमएचा विद्यार्थी, कुणी चिपळूणकडची शिक्षिका जी नमन-खेळ्यांचे व्हिडिओ जमवतेय, कुणी मुंबईत बसून डबलबारी भजनांचा संग्रह करणारे काका. सगळ्यांचं म्हणणं तेच, की व्हिडिओ जमवले, मशीनला, म्हणजे आवाज ओळखणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामला, दिले, आणि आता जे उत्तर आलंय ते खरं मानायचं की नाही तेच कळत नाही. मी विचारते, यादी केली होती का? डुप्लिकेट काढले का? स्वतः कानाने किती ऐकलं? बहुतेक वेळा तिन्हीची उत्तरं नाही अशीच असतात. लोक मॉडेलपासून, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या त्या प्रोग्रामपासून, सुरुवात करतात आणि तिथेच सगळं फसतं, कारण मॉडेल ही सातवी पायरी आहे. उदाहरणं मी दशावताराचीच, म्हणजे तळकोकणातल्या जत्रांमध्ये होणाऱ्या लोकनाट्याचीच, देतेय कारण माझं काम त्यातलं, पण शिमग्याची पालखी, जाखडी, डबलबारी, कशालाही हाच क्रम लागतो.

१. आधी प्रश्न कागदावर लिहा, एका वाक्यात

"दशावतार कसा बदलतोय" हा प्रश्न मनात असणं चांगलंच, पण मशीनला तो विचारता येत नाही. मशीनला विचारता येईल असा प्रश्न म्हणजे "आख्यानात, म्हणजे प्रयोगातल्या मुख्य पौराणिक कथेत, गाणं किती मिनिटं आणि संवाद किती मिनिटं, आणि हे मंडळागणिक वेगळं आहे का". म्हणजे मोजता येईल, आणि मोजलेलं चुकलं तर ऐकून पकडता येईल असं काहीतरी.

प्रश्नाच्या खाली दुसरी ओळ लिहा, तुम्ही मोजताय काय. सेकंद, व्हिडिओ की प्रयोग? दशावताराचा प्रयोग रात्रभर चालतो आणि चॅनेलवाले त्याचे भाग १, भाग २, भाग ३ करून टाकतात, वर संकासुर या हसवणाऱ्या पात्राचा तेवढाच तुकडा काढून तिसरंच कुणी टाकतो. व्हिडिओ मोजलात तर ज्या मंडळाचे चाहते जास्त व्हिडिओ टाकतात ते मंडळ मोठं दिसणार. मी प्रयोग मोजते, म्हणजे एक रात्र, एक जागा, एक मंडळ. हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर पुढे सगळे तक्ते परत करावे लागतात.

२. यादी करा, डाऊनलोड नंतर

एक साधी शीट उघडा. एका व्हिडिओला एक ओळ. कॉलम हे घ्या: व्हिडिओचा आयडी, चॅनेल, शीर्षक जसंच्या तसं, टाकल्याची तारीख, लांबी सेकंदात, मंडळ, गाव, प्रयोगाची तारीख, प्रयोग क्रमांक, आणि शेवटी शेरा. मंडळ, गाव, प्रयोगाची तारीख हे कॉलम सुरुवातीला रिकामे राहतील, राहू देत. अंदाजाने भरू नका.

शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. दशावतार, दशावतारी नाटक, दशावतारी नाट्यप्रयोग, धयकालो, दहीकाला, शिवाय रोमन लिपीत लोक जी चार-पाच तऱ्हेची स्पेलिंगं लिहितात ती सगळी घाला. आणि नुसत्या सर्चच्या निकालावर संग्रह उभा करू नका, सर्च तुम्हाला आधी काय दाखवणार ते गाजलेल्या व्हिडिओंवर आणि तुमच्या स्वतःच्या बघण्यावर ठरतं. चॅनेल शोधा आणि त्या चॅनेलची सगळी यादी वरपासून खालपर्यंत घ्या. ५० व्ह्यू असलेला, देवळाच्या मागच्या बाजूने कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ तुमच्या कामाला लाखभर व्ह्यूवाल्याइतकाच मोलाचा आहे, कधीकधी जास्तच, कारण त्यात काटछाट नसते.

आता दोन चुका ज्या मी स्वतः केल्यात आणि ज्या जवळजवळ सगळे करतात.

पहिली एक्सेलची. यूट्यूबचा आयडी ११ अक्षरांचा असतो आणि त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि खालची रेघ एवढंच येतं. ज्या आयडीची सुरुवातच आडव्या रेघेने होते तो एक्सेल वजाबाकीचं सूत्र समजतो आणि तिथे एरर दाखवतो. सेव्ह केलंत की मूळ आयडी हातचा गेला. त्यामुळे फाइल सरळ डबल क्लिक करून उघडू नका, आयात करा आणि आयडीचा कॉलम टेक्स्ट म्हणून सांगा. फाइलच्या नावातही हीच भानगड होते, नाव रेघेने सुरू झालं की कमांड त्याला सूचना समजते, म्हणून सगळ्या फाइलींच्या नावाआधी एखादं अक्षर लावून टाका. तसंच सीएसव्ही फाइल युटीएफ-८ या अक्षरसंकेतात आणि बीओएम या सुरुवातीच्या खुणेसकट सेव्ह करा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी शीर्षकांचा चिवडा दिसतो.

दुसरी तारखेची. वायटी-डीएलपी हे यूट्यूबवरून उतरवायचं टूल जी माहितीची फाइल देतं त्यात टाकल्याची तारीख युटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, असते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. दशावतार संपतो पहाटे, आणि उत्साही मुलं तिथूनच व्हिडिओ टाकतात. पहाटे साडेपाचच्या आधी टाकलेला प्रत्येक व्हिडिओ तुमच्या शीटमध्ये आदल्या तारखेला दिसणार. वेळेचा पूर्ण आकडा घ्या आणि तो आपल्या वेळेत बदलून मग तारीख काढा. आणि टाकल्याची तारीख म्हणजे प्रयोगाची तारीख हे तर मुळीच धरू नका, कित्येक जण जुन्या सीडीवरचे प्रयोग आता टाकतायत. जत्रा बहुतेक तिथीवर असतात, त्यामुळे गाव कळलं तर तारखेचा अंदाज तपासता येतो. पण आंगणेवाडीसारख्या ठिकाणी दिवस देवाचा कौल घेऊन ठरतो, तिथे पंचांग बघून तारीख निघत नाही, त्या वर्षीची बातमीच शोधावी लागते.

तपासून घ्या: शीटमधल्या कुठल्याही २० ओळी डोळे मिटून निवडा, आयडीवरून व्हिडिओ उघडा. शीर्षक आणि लांबी जुळली तरच पुढे.

३. विचारा, मग उतरवा

यूट्यूबच्या अटींमध्ये परवानगीशिवाय डाऊनलोडला मनाई आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी उचित वापराची सूट आहे, पण त्या सुटीने साइटच्या अटी रद्द होत नाहीत आणि व्हिडिओ परत कुठे टाकायचा हक्क तर त्यातून मिळतच नाही. त्यामुळे माझं सांगणं सरळ आहे, चॅनेलवाल्याला आणि मंडळाच्या मालकांना विचारा. आपल्याकडे ही माणसं दोन एसटी बदलून भेटता येण्यासारखी आहेत. मी काय करतेय ते सांगितल्यावर बहुतेकांनी नाही म्हटलं नाही, उलट दोघांनी तर मूळ रेकॉर्डिंगच पेनड्राइव्हवर दिली, आणि मूळ रेकॉर्डिंगचा आवाज यूट्यूबवरून उतरवलेल्यापेक्षा कधीही बरा.

परवानगी मिळाली की आधी फक्त आवाज घ्या. १२८ केबीपीएसचा आवाज तासाला साधारण ५८ एमबी होतो, म्हणजे पाच तासांचा प्रयोग ३०० एमबीच्या आत. व्हिडिओ सरसकट नको, तो लागेल तेव्हा लागेल तेवढाच आणि कमी रिझोल्यूशनचा. उतरवताना तीन गोष्टी चालू ठेवा: प्रत्येक व्हिडिओची माहितीची जेसन फाइल, उतरवून झालेल्या आयडींची नोंदवही म्हणजे अर्काइव्ह फाइल, आणि दोन डाऊनलोडच्या मध्ये थोडी विश्रांती.

ती नोंदवही विसरू नका, विशेषतः आपल्या भागात. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, आणि साध्या पावसातही तीन-चार तास जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. काम कुठेही तुटलं तरी तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं, डाऊनलोडच नाही तर पुढची प्रत्येक पायरी अशीच लिहा, एक फाइल झाली की नोंद, मग दुसरी.

४. आवाज काढताना मूळ प्रत हलवू नका

उतरवलेली फाइल आहे तशी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरला हात लावू नका. कामाच्या प्रती एफएफएमपेग या रूपांतराच्या टूलने वेगळ्या करा.

किती सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेली, प्रत करायची हे पहिल्या पायरीतल्या प्रश्नावर ठरतं. बोलण्यासाठी १६ किलोहर्ट्झ, मोनो, १६ बिट पुरतं. ही वेव फाइल तासाला ११५ एमबी होते, हजार तासांना ११५ जीबी, डिस्क घेण्याआधी हा हिशोब करा. पण १६ किलोहर्ट्झच्या प्रतीत ८ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरत नाही आणि झांजेची चमक बरीचशी तिथेच असते. झांज, पखवाज, पायपेटी वेगवेगळी ओळखायची असतील तर मूळ ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवरच राहा.

सावध: लाईव्ह केलेल्या व्हिडिओंमध्ये नेट तुटलं की आवाजात भोकं पडतात. साधं रूपांतर केलं की ती भोकं चिकटून जातात, वेव फाइल मूळ व्हिडिओपेक्षा आखूड होते, आणि मग तुमच्या शीटवर "१ तास १० मिनिटांवर संकासुर" लिहिलेलं असतं आणि व्हिडिओत त्या जागी भलतंच काहीतरी चालू असतं. एफएफएमपेगमध्ये रिसॅम्पलिंगचं असिंक नावाचं सेटिंग चालू केलं की भोकांच्या जागी शांतता भरली जाते. प्रत्येक फाइलची लांबी मूळ व्हिडिओशी ताडून बघा, सेकंदभरापेक्षा जास्त फरक असेल तर ती फाइल बाजूला काढा.

नॉइज काढायचं सॉफ्टवेअर या टप्प्यावर लावू नका. मोह होतो मान्य आहे, मागे जनरेटर धडधडतोय, पोरं ओरडतायत. पण ही सॉफ्टवेअरं बोलणं ठेवून बाकीचं पुसायला बनवलेली आहेत, पायपेटीचा लांब धरलेला सूर त्यांना घरघरच वाटते आणि तोही पुसून जातो.

५. डुप्लिकेट काढा, ते तीन तऱ्हेचे असतात

माझ्या पहिल्या वेळी एका मंडळाच्या आख्यानात गाणं सगळ्यांपेक्षा दुप्पट आलं होतं, मी आनंदाने ते चार जणांना सांगितलं सुद्धा. नंतर कळलं की त्यांचा एकच गाजलेला प्रयोग माझ्या संग्रहात नऊ वेळा होता, पूर्ण, तुकड्यात, दुसऱ्या चॅनेलवर, सगळीकडे. ज्यांना सांगितलं होतं त्यांना परत फोन करावे लागले.

पहिली तऱ्हा, तीच फाइल दुसऱ्याने टाकलेली. हिच्यासाठी ऑडिओ फिंगरप्रिंट, म्हणजे आवाजावरून काढलेला ओळखीचा ठसा, वापरा, क्रोमाप्रिंट हे टूल फुकट आहे आणि बरंच काम करतं. फक्त त्याचं टूल ठरवून दिल्याशिवाय पहिले १२० सेकंदच बघतं. चॅनेलवाल्यांच्या व्हिडिओला सुरुवातीला सारखाच लोगो आणि सारखंच म्युझिक असतं, त्यामुळे एका चॅनेलचे सगळे व्हिडिओ एकमेकांची नक्कल ठरायची भीती. लांबीची मर्यादा शून्य ठेवा म्हणजे पूर्ण फाइल घेतली जाते.

दुसरी तऱ्हा, मोठ्या व्हिडिओतून कापलेला तुकडा, रील वगैरे. इथे पूर्ण फाइलची तुलना पूर्ण फाइलशी करून जमत नाही, तुकडा मोठ्या फाइलवर सरकवत सरकवत बघावा लागतो. स्पीड किंवा पट्टी जराशी बदलून टाकलेले व्हिडिओही असतात, त्यांच्यासाठी पनाको हे टूल आहे, ते असा बदल सहन करतं.

तिसरी तऱ्हा सगळ्यात चकवणारी. एकच प्रयोग, एकच रात्र, पण दोन वेगळ्या मोबाईलवर काढलेला, एक रंगमंचासमोर आणि एक भेळवाल्याच्या गाडीजवळून. फिंगरप्रिंट इथे कधी जुळतो, कधी नाही. मी काय करते, तर दोन्हीतला आवाज कुठे वाढला कुठे कमी झाला याचा आलेख काढते आणि ते आलेख एकमेकांवर सरकवून बघते. पखवाजाच्या थापा जागच्या जागी बसल्या की समजायचं रात्र एकच. हे व्हिडिओ फेकू नका, प्रयोग क्रमांक तोच द्या. एकात झांज कानठळ्या बसवते तर दुसऱ्यात संवाद स्वच्छ येतो, पुढे दोन्ही उपयोगी पडतात.

तपासून घ्या: जुळलेल्या जोड्यांपैकी ३० जोड्या ऐका. आणि न जुळलेल्यांतल्याही, त्याच मंडळाच्या त्याच आख्यानाच्या, १० जोड्या ऐका, कारण सुटलेलं डुप्लिकेट तिथेच सापडतं.

६. आता कानाने ऐका, आणि हे दुसऱ्यावर सोपवू नका

प्रत्येक मंडळ, प्रत्येक तालुका, चांगलं-वाईट रेकॉर्डिंग असे गट पाडा आणि गटागटातून मिळून निदान २०० तुकडे, ३० सेकंदांचे, चिठ्ठी टाकल्यासारखे निवडा. ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, लेबल ट्रॅक घ्या, ऐकत ऐकत लेबल लावा. ऑडासिटी ही लेबलं सुरुवात, शेवट आणि नाव अशा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून देते, पुढे फार सोयीचं पडतं. चित्र बघत लेबल लावायचं असेल तर इलॅन हे सॉफ्टवेअर घ्या.

लेबल लावण्याआधी नियम लिहा, कारण अडचणी पहिल्या तासातच येतात. माझ्यासमोर आलेला एक तुकडा सांगते. आड दशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, चालू आहे, संकासुर मालवणीत बोलतोय, त्याच्या खाली पायपेटीचा एक सूर धरलेला आहे, मधेच झांजेचा एक ठोका, लोक हसतात, आणि या सगळ्याच्या तळाशी एकसुरी गुंगुं. हे बोलणं की संगीत? माझा नियम आता असा आहे की एका सेकंदाला एकापेक्षा जास्त लेबलं चालतात, बोलणं, पेटी, झांज, हशा, चारही लावा. आणि ते तळाचं गुंगुं मी आधी तंबोऱ्यासारखं काहीतरी समजले होते. एका मंडळाच्या पेटीवाल्या काकांना ऐकवलं तर त्यांनी पाच सेकंदात सांगितलं, "ता संगीत नाय गो, तो जनरेटर आसा." स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या कंपनाचा आवाज आहे त्याचं चित्र, बघितला तर खरंच, ५० हर्ट्झची रेघ आणि तिच्या पटीतल्या रेघा एका ओळीत उभ्या. मी सगळ्यांना सांगते, मंडळातल्या एका तरी माणसाला बाजूला बसवून तासभर ऐका.

तेच तुकडे दुसऱ्या माणसालाही द्या, तुमची लेबलं न दाखवता. मग दोघांची जुळणी कोहेनच्या कप्पाने, म्हणजे योगायोगाची जुळणी वजा करणाऱ्या आकड्याने, मोजा, नुसत्या टक्क्याने नको, कारण बहुतेक सेकंदांत बोलणंच असेल तर दोघांनी आंधळेपणाने "बोलणं" लिहिलं तरी टक्का छान दिसतो. जिथे दोन माणसांचंच एकमत होत नाही तिथे मशीन बरोबर की चूक हा प्रश्नच येत नाही, तो नियम आधी सुधारा.

७. मशीन लावा, पण त्याला काय माहीत नाही ते ओळखून

आवाज ओळखणारी बरीचशी तयार मॉडेलं ऑडिओसेटवर शिकलेली आहेत. २०१७ साली गूगलने काढलेला हा संग्रह, यूट्यूबवरचे दहा-दहा सेकंदांचे २० लाखांहून जास्त तुकडे. त्यावर शिकलेलं यामनेट हे मॉडेल ५२१ प्रकारचे आवाज सांगतं. या ५२१ मध्ये तबला आहे, पखवाज नाही. अकॉर्डियन आणि माउथ ऑर्गन आहे, आपली पेटी नाही. त्यामुळे मशीनने "तबला ७० टक्के, अकॉर्डियन ५५ टक्के" सांगितलं की घाबरू नका आणि ते तसंच लेखातही छापू नका, त्याच्याकडे जी नावं आहेत त्यातलं जवळचं नाव त्याने दिलंय.

करायचं काय, तर मॉडेलचं शेवटचं नाव सोडून द्या आणि त्याच्या आतला आकड्यांचा संच घ्या. यामनेट प्रत्येक ०.९६ सेकंदाच्या तुकड्यासाठी १०२४ आकडे देतं. हे आकडे आणि सहाव्या पायरीतली तुमची लेबलं मिळून एक छोटा वर्गीकारक, म्हणजे तुकड्याला लेबल देणारा प्रोग्राम, शिकवा. लॉजिस्टिक रिग्रेशन ही साधी पद्धत सुद्धा चालते, साध्या लॅपटॉपवर होतं, भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. झांजेसाठी जास्त रेटचं मॉडेल बघा, यामनेट १६ किलोहर्ट्झवरच चालतं.

सावध, आणि ही चूक मी बघितलेल्या कामांत सगळ्यात जास्त वेळा दिसते: शिकवायला आणि तपासायला तुकडे वाटताना ते मिसळून वाटू नका. एकाच रात्रीचे काही तुकडे शिकवायला आणि काही परीक्षेला गेले तर मशीन पखवाज ओळखत नाही, त्या रात्रीचा माइक आणि त्या रात्रीचा जनरेटर ओळखतं. आकडा सुरेख येतो आणि नव्या गावच्या व्हिडिओवर सगळं कोसळतं. पूर्ण रात्र एका बाजूला, पूर्ण रात्र दुसऱ्या बाजूला, आणि शक्य असेल तर एक अख्खं मंडळ फक्त परीक्षेसाठी राखून ठेवा.

मशीन जवळजवळ दर अर्ध्या सेकंदाला मत देतं. गाणं, बोलणं, गाणं, गाणं, बोलणं अशी फडफड दिसेल. दोन सेकंदांपेक्षा कमी उड्या शेजारच्यात मिळवा, पण हशा आणि झांजेचा ठोका यांना हा नियम लावू नका, ते मुळातच छोटे असतात.

८. बोलण्याचा मजकूर करताना

व्हिस्पर हे बोलण्याचा मजकूर करणारं मॉडेल लोक सरळ पूर्ण फाइलवर लावतात. त्याला भाषा सांगितली नाही तर तो पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतो, आणि तिथे आपल्याकडे असतं चॅनेलचं म्युझिक. मग सगळा प्रयोग हिंदीत उतरतो. भाषा मराठी म्हणून आधीच सांगा.

दुसरं, नुसता पखवाज वाजतोय किंवा शांतता आहे अशा ठिकाणी व्हिस्पर कुणीच न बोललेली वाक्यं लिहून मोकळा होतो, तेच तेच वाक्य दहा वेळा. त्यामुळे आधी बोलणं कुठे आहे ते सातव्या पायरीतून किंवा सिलेरोसारख्या बोलणं पकडणाऱ्या टूलने काढा आणि तेवढेच तुकडे द्या. हे केल्यावर खोटी वाक्यं खूप कमी होतात.

मालवणीचं काय? आख्यानातले राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, ते बरंच बरं उतरतं. संकासुराचं मालवणी मोडतं, व्हिस्परला मराठी येते, मालवणी नावाची भाषा त्याच्या यादीतच नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या गटाचं इंडिककॉन्फॉर्मर हे मॉडेल मराठी आणि कोंकणी दोन्ही घेतं, दोन्ही लावून कुठलं जवळ येतं ते तुमच्याच २०-३० तुकड्यांवर बघा. काहीही लावलंत तरी हा मजकूर शोधण्यापुरता वापरा, "महिषासुर" शब्द कुठे आला ते शोधा, तिथे जा आणि ऐका. उद्धृत करायचं वाक्य मात्र नेहमी कानाने लिहून घ्या. एका कलाकाराच्या तोंडी त्याने न म्हटलेलं वाक्य घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

कोण बोलतंय ते वेगळं करणारी टूलं, पायअनोटसारखी, दशावतारात फार जपून वापरा. एकच माणूस सुरुवातीला एक भूमिका आणि नंतर आवाज बदलून दुसरी करतो, मशीन दोन माणसं मोजतं. आवाजावरून बाई की पुरुष सांगणारं मॉडेल तर लावूच नका, दशावतारात स्त्री-पार्ट परंपरेने पुरुष कलाकार करतात आणि इतका सुंदर करतात की मशीनच्या त्या कॉलमला काही अर्थ राहत नाही.

९. चित्र, गरजेपुरतं

कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, त्यामुळे सीन बदल शोधणारी टूलं दोन तासांत काही सापडलं नाही म्हणतात, किंवा लायटिंगच्या उघडझापीला दर वेळी नवा सीन समजतात. दर दहा सेकंदांना एक फ्रेम काढा, बस झालं. चित्राचा खरा फायदा मला झाला तो मागच्या पडद्याचा आणि बॅनरचा. पडद्यावर मंडळाचं नाव असतं, कमानीवरच्या बॅनरवर गाव आणि तारीख. टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या टूलमध्ये मराठीचा डेटा बसवून ते वाचता येतं, सजावटीची अक्षरं चुकतात पण मंडळांच्या नावांची तुमची यादी शेजारी ठेवून जवळचं नाव जुळवलं तर काम होतं. दुसऱ्या पायरीत रिकामे ठेवलेले कॉलम इथे भरतात.

१०. सगळं एका काळरेषेवर आणा आणि मग मोजा

शेवटचा तक्ता असा: आयडी, प्रयोग क्रमांक, सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद, लेबल, मशीनचा विश्वास, कुठलं मॉडेल आणि त्याची कुठली आवृत्ती. तक्त्यातल्या कुठल्याही ओळीवरून दहा सेकंदांत मूळ व्हिडिओच्या त्या जागेवर जाता आलं पाहिजे. जात नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

आपल्याला माहीत असलेला क्रम इथे फुकटची परीक्षा घेतो. गणपती, सरस्वती, संकासुर हे आड दशावतारात येतात, आख्यान नंतर, दहीकाला शेवटी पहाटे. मशीनला आख्यानानंतर संकासुर सापडला तर एकतर भाग १ आणि भाग २ उलटे लागलेत, नाहीतर दोन प्रयोग एकात मिसळलेत. दर दहा-वीस प्रयोगांमागे मला असं एखादं सापडतंच.

क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजताना हा हिशोब करून बघा. समजा १०,००० तुकडे आहेत आणि खरा हशा फक्त १०० मध्ये आहे. मशीन त्यातले ९० पकडतं, आणि उरलेल्या ९,९०० पैकी ५ टक्क्यांत उगाच हशा सांगतं, म्हणजे ४९५. मशीनने हशा म्हटलेले तुकडे झाले ५८५, त्यात खरे ९०. दर सहा-सात तुकड्यांत एक. ऐकायला "९० टक्के पकडतं" हे केवढं छान वाटतं. म्हणून हशा म्हणून आलेले निदान १०० तुकडे ऐका आणि त्यातले खरे किती ते आकड्याच्या शेजारीच लिहा.

११. काय बाहेर द्यायचं आणि काय घरात ठेवायचं

लेबलं, वेळा, आयडी हे खुशाल द्या, बाकीच्यांचं काम वाचतं. व्हिडिओ आणि आवाजाच्या फाइली देऊ नका, त्या तुमच्या नाहीत, कलाकारांची रात्रीची मेहनत आहे ती. प्रेक्षकांतली लहान मुलं, अंगात आलेली म्हणजे अवसर आलेली माणसं, यांचे तुकडे मी उदाहरणादाखल सुद्धा दाखवत नाही, ते त्या वेळी देवासमोर उभे होते, आपल्या कॅमेऱ्यासमोर नाही. ज्या मंडळांनी परवानगी दिली त्यांना त्यांच्यापुरता तक्ता छापून नेऊन द्या, चुका तेच सगळ्यात आधी सांगतात.

प्रती दोन ठेवा आणि त्या एकाच घरात ठेवू नका. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा डिस्कला बरी नाही, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि महिन्याने एकदा लावून चालू करून बघा. दुसरी प्रत मी गणपतीला घरी आलेल्या चुलतभावाच्या बॅगेत घालून मुंबईला पाठवते, आणि पुढच्या वर्षी तो येताना ती परत आणतो तेव्हा नवं भरून देते.